पोटात गोळा न येणारी माणसं

आजी गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ओसरीवर तिला ठेवलं होतं. धाकटे काका उंबऱ्यात बसून असे रडत होते की त्यांना धरायला दोन माणसं लागली. "आई, मला टाकून कशी गेलीस ग," हे त्यांचं वाक्य गावातल्या बायका पुढे कितीतरी वर्षं आठवून सांगायच्या. मी परसात पाण्याला गेले होते. तेवढ्यात काका मागच्या दारानं आले, तांब्याभर पाणी घटाघट प्यायले आणि गोठ्याशी उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला म्हणाले, "काजूचा दर काय काढलाय यंदा?" आवाज स्वच्छ. घसा दाटलेला नाही, नाक लाल नाही. दर ऐकून त्यांनी मान हलवली, पुढच्या दाराशी गेले आणि सोडलं होतं तिथूनच रडणं पुन्हा उचललं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? रडता रडता माणूस पाणी पितोच. खरं तर काका मला आवडायचे. सगळ्यांनाच आवडायचे. मराठी, कन्नड, कोंकणी, तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात जन्मापासून असल्यासारख्या. ज्याच्याशी बोलतील त्याला वाटायचं, आपल्यासाठीच हा माणूस आज घरातून निघालाय. आणि ते शूर होते, यात मला आजही शंका नाही. मी सात-आठ वर्षांची असताना मलप्रभेच्या पुरात शेजारच्या वाडीतला एक मुलगा वाहून चालला होता. काठावर पन्नास माणसं उभी होती, उडी मारली एकट्या काकांनी. मुलाला घेऊन वर आले आणि धोतर पिळता पिळता विडी मागितली. हात थरथरत नव्हते. "वाघाचं काळीज" म्हणायचे गावात. त्या थरथर नसलेल्या हातांचा विचार मी पुढे फार वर्षांनी, फार वेगळ्या कारणासाठी केला.

माझी आत्ती, वडिलांची आणि काकांची धाकटी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याकडचा तीन एकर भाताचा तुकडा आणि थोडी काजूची बाग तिच्या नावावर होती. १९९४ साली काका तिला रजिस्टर ऑफिसात घेऊन गेले. सोसायटीच्या पीककर्जाचे कागद आहेत म्हणाले. कागद कन्नडमध्ये होते. आत्ती मराठी चौथी शिकलेली. कन्नड बोलायला बऱ्यापैकी यायचं, पण अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या कितीतरी मराठी बायकांची हीच गत. बोलताना दोन्ही भाषा, कागदापुढे मात्र मुक्या. साध्या कर्जासाठी एवढी माणसं, एवढे शिक्के आणि दोन साक्षीदार बघून तिच्या मनात काहीतरी हललं. पेन हातात धरून तिनं भावाकडे बघितलं.

पुढचं तिनं मला जसं सांगितलं तसंच लिहिते. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. "मी अण्णाकडं बघितलो. माझा जीव असा घाबरा झाल्ता की त्वांड पांढरंफटक पडलं आसणार. त्येनं माझ्याकडं नीट बघितला आनि म्हनाला, तुला ऊन लागलंय, सही कर आनि सावलीत बस, मी सरबत आनतो. आनि खरंच आनला ग. लिंबाचं."

ते खरेदीपत्र होतं. कळायला आठ वर्षं लागली. उतारे कॉम्प्युटरवर आल्यावर माझा भाऊ सहज आत्तीचा उतारा काढायला गेला, तर त्यावर तिचं नाव नव्हतं. काकांचंही नव्हतं. जमीन तिसऱ्याच्याच नावावर होती.

घरात बैठक बसली. काका शांत होते. "सही तिनंच केली की," एवढंच म्हणाले. चिडले ते एकदाच, चहा गार झाला म्हणून. मग रवळनाथाच्या देवळात शपथ घ्यायची ठरली. आमच्याकडे पक्की समजूत आहे की खोट्या माणसाचा हात देवापुढे कापतो. काकांनी नारळावर हात ठेवला, आत्तीला सगळं समजावून सांगितलं होतं असं म्हणाले. हात कापला नाही. निकाल लागला. आत्ती तिथेच कपाळ बडवून घेऊन ओरडायला लागली, आणि तिला आवरत माझ्या चुलत्यांपैकी एकजण हळूच म्हणाले, "हिला धारवाडला दाखवायला पाहिजे."

धारवाडचं मानसिक रुग्णालय फार जुनं, इंग्रजांच्या काळापासूनचं. आमच्या घरात 'धारवाडला दाखवा' म्हणजे काय ते पोरांनाही कळायचं. दुसरं तसंच ठिकाण हिंडलग्याचं. तिथे मध्यवर्ती तुरुंग आहे, त्यामुळे उनाड पोराला 'हिंडलग्याला जाशील' ही ठरलेली धमकी. डोकं फिरलं तर धारवाड, नियत फिरली तर हिंडलगा. माणसाचं काय बिघडू शकतं याचे आमच्या कल्पनेतले हे दोनच पत्ते. काका दोन्हीकडे गेले नाहीत. ते ओसरीवरच बसले. त्या दिवशी धारवाडचं नाव निघालं ते जिला यातना होत होत्या तिच्यासाठी.

मी शिक्षिका. निवृत्तीनंतर हाताला वेळ आला तेव्हा काका असे का, या एका प्रश्नाच्या मागे लागून मिळेल ते वाचत गेले. त्यातून पहिलं कळलं ते हे, की आमच्या बैठकीतला गोंधळ जुना आहे. फिलीप पिनेल या फ्रेंच डॉक्टरनं १८०१ साली भ्रमाशिवायच्या वेडाबद्दल लिहिलं. बुद्धी शाबूत, बोलणं सुसंगत आणि वागणं मात्र भयंकर, अशी माणसं त्याच्यासमोर आली होती आणि त्यांना कुठे बसवावं हे त्याला कळेना. १९४१ मध्ये हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं अशा रुग्णांवर जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावाचाच अर्थ 'शहाणपणाचा मुखवटा' असा होतो. त्यानं नोंदवलेल्या लक्षणांमध्ये वरवरचा गोडवा, चांगली बुद्धी, भ्रमाचा अभाव, अस्वस्थतेचा अभाव आणि पश्चात्तापाचा अभाव हे सगळं एकत्र येतं. वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले होते.

'सायको' म्हणून आपण जे सर्रास फेकतो त्यात सायकोसिस आणि सायकोपथी एकमेकांत मिसळून गेलेले असतात. सायकोसिसमध्ये माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेला शत्रू दिसतो. तो स्वतः घाबरलेला असतो आणि औषधानं बहुधा बराच सावरतो. सायकोपथीत वास्तवाचं भान पक्कं असतं. ते आपल्यापेक्षाही पक्कं असतं, असं मला काकांकडे बघून वाटायचं. या दोघांना एकाच नावानं हाक मारणं हा धारवाडच्या वॉर्डात बसलेल्या माणसावर अन्याय आहे, आणि तो आपण रोज करतो.

सोशिओपाथ हा शब्द नंतरचा. १९३० मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज पार्ट्रिज यांनी तो पुढे आणला, कारण दोष समाजात वावरण्यात दिसतो यावर त्यांना भर द्यायचा होता. आज सोशिओपाथ हे अधिकृत निदान नाही, आणि सायकोपाथ हेसुद्धा स्वतंत्र निदान म्हणून मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात नाही. तिथे 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार' आहे. तो वयाच्या १८ वर्षांनंतरच म्हणता येतो, आणि वर्तनाचा बिघाड १५ वर्षांच्या आधीपासून असावा लागतो. तो मुख्यतः माणूस काय करतो त्यावरून ठरतो. सायकोपथी ठरवताना आत काय आहे, काय नाही, हेही बघतात. त्यासाठी कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी आहे. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, ४० पैकी ३० किंवा जास्त झाले तर सायकोपथी. पण ती प्रशिक्षित माणसानं, मुलाखत आणि कागदपत्रं दोन्ही तपासून भरायची असते. मी ती काकांसाठी कधी भरली नाही, आणि घरातल्या कुणासाठी कुणी भरू नये. मी जे लिहिते आहे ते निदान नाही. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या एका माणसाला समजून घ्यायची धडपड आहे.

ज्यानं मला सर्वांत जास्त समजावलं ते मात्र आपल्या भाषेत आधीपासून होतं. मराठी माणूस भावना शरीरात सांगतो. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, अंगावर काटा येतो, हातापायाला कापरं भरतं, तोंडचं पाणी पळतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी १९५७ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो मला या गोळ्याचाच प्रयोग वाटतो. खटके दाबत पुढे जायचं एक कोडं. काही चुकीच्या खटक्यांना विजेचा सौम्य धक्का. सायकोपथीची लक्षणं असलेले लोक कोडं इतरांइतकंच चांगलं शिकले, पण धक्क्याचे खटके टाळायला तितकंसं शिकले नाहीत. पुढे हेअर यांनी आकडे मोजत नेऊन ठराविक आकड्याला धक्का दिला. इतरांच्या तळहाताला तो आकडा जवळ येईल तसा घाम फुटू लागे. यांच्या हाताला फारसा फुटत नसे. धक्का बसला की दुखतं त्यांनाही. येणाऱ्या दुखण्याची सावली मात्र आधी अंगावर पडत नाही.

आता रवळनाथाचा नारळ आठवा. देवापुढची शपथ गोळा येणाऱ्या माणसांसाठी बनवलेली आहे. हात कापतो तो भीतीनं. जिथे भीतीच येत नाही तिथे नारळ काय सांगणार? आणि जो हात नारळावर कापला नाही, तोच पुरातून मुलाला काढताना कापला नव्हता. लिकन यांचं मत होतं की शूर आणि सायकोपाथ एकाच फांदीची डहाळं आहेत, ते निडरपण कुठल्या मातीत वाढतं त्यावर बरंच ठरतं. मला काकांचं एक शौर्य खरं आणि दुसरं ढोंग, असं विभागता येत नाही. गावानं त्या मुलाच्या बदल्यात त्यांच्यावर आयुष्यभर विश्वास ठेवला, हेही समजतं.

आणि ते सरबत. ते मला सर्वांत जास्त छळत आलं आहे. जेम्स ब्लेअर आणि त्यांच्यानंतर ॲबिगेल मार्श या संशोधकांचं बरंचसं काम या एका गोष्टीभोवती आहे: समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखायला या माणसांना जड जातं. राग ओळखतात, आनंद ओळखतात. भीती आणि दुःख निसटतं. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, तो घाबरलेल्या चेहऱ्याला जो प्रतिसाद देतो तो अशा मुलांमध्ये सरासरीनं कमी सापडला आहे. एरवी आपल्यापुढे कुणी भेदरलं की आपला उगारलेला हात आपोआप खाली येतो. ब्लेअर म्हणतात, हा ब्रेक आहे, आणि तो घाबरलेला चेहरा दिसण्यावर चालतो. इतकी वर्षं मी समजत होते की काकांनी आत्तीची भीती बघितली आणि सरबताचं नाटक केलं. आता वाटतं, कदाचित त्यांना खरोखरच ऊन लागलेलं दिसलं असेल. फसवणूक ठरवून केलेली होती, त्यात बदल नाही. पण बहिणीच्या चेहऱ्यावर जे लिहिलं होतं ते त्यांना वाचता आलं नसेल, जसं तिला समोरच्या कागदावरचं वाचता येत नव्हतं.

१९६२ पासून या अभ्यासात एक वाक्य फिरतं, की सायकोपाथला शब्द कळतात, संगीत नाही. दोन भाषांच्या मधल्या माणसाला याची थोडी चव असते. माझं कन्नड चांगलं आहे, निम्मी नोकरी त्यात केली. तरी वरिष्ठ कन्नडमध्ये रागावले तर मला ते डोक्यानं समजायचं, आणि तेच कुणी मराठीत म्हणालं तर दिवसभर घशात अडकून राहायचं. आता अशी कल्पना करा की सगळ्याच भाषा, मायबोलीसुद्धा, त्या कन्नडसारख्या आहेत. हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पडद्यावर शब्द दाखवले. सामान्य माणूस भावनेचा शब्द साध्या शब्दापेक्षा लवकर पकडतो. सायकोपाथ गुन्हेगारांमध्ये तो फरक दिसला नाही. मरण आणि मेज, सारखंच.

म्हणून त्यांना भावनेचे धडे देऊन भागत नाही. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये १९६० च्या दशकात एका बंदिस्त रुग्णालयात गुन्हेगारांना गटात बसवून महिनोन्‌महिने मन मोकळं करायला लावलं. १९९२ मध्ये त्याचा मागोवा प्रसिद्ध झाला. जे सायकोपाथ नव्हते त्यांच्यात हिंसा कमी झाली होती. जे होते ते उपचार न मिळालेल्या सायकोपाथांपेक्षा जास्त हिंसक निघाले. इतरांना कशानं पाझर फुटतो हे त्यांना तिथे आयतं शिकायला मिळालं, असा अंदाज संशोधकांनी केला. मला उंबऱ्यातलं ते वाक्य आठवतं. आई, मला टाकून कशी गेलीस. एका शब्दाचीही चूक नव्हती त्यात.

खरं म्हणजे काकांपेक्षा मला दुसऱ्या एकाबद्दल लिहायचं होतं, म्हणून ही सगळी वाट चालले.

बेळगावात एका मराठी शाळेत शिकवत असताना पाचवीत एक मुलगा होता. डबे चोरायचा, लहान मुलांना ढकलून द्यायचा, विचारलं तर डोळ्यांत डोळे घालून नाही म्हणायचा. छडी मारली तर हात मागे घ्यायचा नाही. तोंडावरची रेघ हलायची नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, हा हिंडलग्याचाच. मी त्याच्यात काका बघितले. आणि मी त्याला मारलं. शिकवताना मी फार थोड्या मुलांवर हात उचलला, त्यात सर्वांत जास्त त्याच्यावर. त्याला रडवायचं होतं मला. आत कुठेतरी काहीतरी आहे याचा पुरावा हवा होता.

त्याची लहान बहीण पहिलीत होती. एकदा तिला वर्गात ताप भरला आणि मी रिक्षा बोलवायला गेले. परत आले तर हा व्हरांड्यात तिला मांडीवर घेऊन बसलेला, दात एकमेकांवर आपटत होते त्याचे. थंडी नव्हती. "बाई, घरी नको सांगू," एवढंच म्हणत राहिला. त्या दिवशी त्याचा शर्ट वर सरकला तेव्हा पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. जुने आणि नवे.

आपल्याकडे शब्द आहे, मार खाऊन खाऊन कोडगा झालेला. बेंजामिन कार्पमन या मनोविकारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात जो भेद मांडला तो हाच. एक असतो मुळातच तसा, ज्याच्यात तार जोडलेलीच नाही. दुसऱ्यात तार आहे, पण जगायचं म्हणून त्यानं ती दाबून टाकलेली आहे. बोलीत लोक सोशिओपाथ म्हणतात ते बहुधा या दुसऱ्याला: तापट, आपल्या चार माणसांसाठी जीव टाकणारा, बाकी जगाशी वैर. भेद इतका स्वच्छ नसतोच. इंग्लंडमध्ये सात वर्षांच्या जुळ्यांवर झालेल्या २००५ च्या अभ्यासात निर्विकारपणाच्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग अनुवंशाशी जोडलेला निघाला. म्हणजे एक तृतीयांश उरतोच. आणि जन्मतः तार कच्ची असलेल्या मुलांवरही शिक्षेचा परिणाम कमी आणि कौतुकाचा, बक्षिसाचा जास्त होतो, हे पुढच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलं आहे. दत्तक गेलेल्या मुलांमध्ये तर असं दिसलं की जन्मदात्या आईकडून धोका आलेला असला, तरी दत्तक आईनं भरपूर कौतुक केलं तर तो धोका बराच निवतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९९५ पासून अत्यंत हिंसक किशोरांसाठी एक केंद्र चालतं. तिथे शिक्षा वाढवत नेण्याऐवजी रोजच्या चांगल्या वागण्याचं रोज बक्षीस देतात. तिथून बाहेर पडलेल्यांत पुढची हिंसा स्पष्टपणे कमी आहे.

म्हणजे तो मुलगा दोन्हीपैकी कोणीही असता, तरी छडी चूकच होती. शाळेतल्या मारावर शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून बंदी आली. मला ती बंदी पाच वर्षं उशिरा मिळाली, असं मी कितीदा मनात म्हटलं आहे; पण कायदा नसतानाही माझा हात माझाच होता. त्याच्याशी मी नंतर वेगळं वागले. डबेवाटप त्याच्याकडे दिलं, चोरी थांबली. सातवीनंतर ते कुटुंब निपाणीकडे निघून गेलं. पुढचं मला ठाऊक नाही.

काका मात्र घरातच होते, म्हातारे होत गेले. आत्तीच्या मनात एकच गोष्ट होती. जमीन तिनं केव्हाच सोडली होती. "एकदा म्हनू दे, चुकलं बाय माझं." प्रत्येक दिवाळीत भाऊबीजेला ती ओवाळायची आणि ताटावरून त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते ओवाळणी नोटांमध्ये घालायचे, कंजूष नव्हते. शेवटच्या दुखण्यात त्यांनी तिला बोलावून घेतलं. ऐंशीची आत्ती एसटीनं गेली, मला बरोबर घेऊन. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. काकांनी तिला जवळ बसवलं, हात धरला आणि म्हणाले, "तुझ्या हातची पेज पाहिजे बघ. तांबड्या तांदळाची." तिनं केली. वाटीभर प्यायले. "झकास झालीय," म्हणाले आणि झोपले.

बाराव्याला जेवणं आटोपल्यावर परसात, आजी गेली तेव्हा मी उभी होते त्याच जागी, आत्तीनं मला विचारलं, "तू एवढं वाचतीस. अण्णाला कधी वाईट वाटलं आसंल काय ग?"

नेदरलँड्समध्ये २०१३ ला झालेला एक अभ्यास माझ्या डोक्यात होता. सायकोपाथ कैद्यांना एका हातानं दुसऱ्या हाताला दुखवल्याची चित्रफीत दाखवली तर त्यांचा मेंदू थंड. पण 'त्याला काय वाटत असेल ते वाटून घ्या' असं सांगून दाखवली तर तो इतरांच्या बराच जवळ गेला. कळ आहे, ती आपण होऊन दाबली जात नाही. मी यावर रात्री जागून काढल्या आहेत. काकांना वाटून घेता येतच नव्हतं म्हटलं तर रागाला जागा राहत नाही. येत होतं आणि केलं नाही म्हटलं तर आत्तीचा भाऊ तिच्याकडून शेवटचा काढून घेतल्यासारखं होतं. हे सगळं मी तिला कसं सांगणार? कुणी कधी अण्णांना म्हणालं नव्हतं, की बघा, तिला काय वाटत असेल ते वाटून घ्या. आम्ही समजत होतो की ते सांगावं लागत नाही.

"नाही वाटलं, आत्ती," मी म्हणाले. "तुझ्यामुळे नाही. त्यांना वाटायचंच नाही कुणाचं."

ती बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. पदरानं हात पुसले, जणू काम संपलंय, आणि मग थांबून म्हणाली, "खरं पेज चांगली झाल्ती म्हनाला, ते तरी खरंच आसंल न्हवं?"

"ते खरंच असेल," मी म्हणाले.